हिवाळी भोपळा घरच्या बागेत: फळ टिकत का नाही, आणि टिकलं तर काढायचं कधी?

वेलांटी
नमस्कार मंडळी. हिवाळी भोपळ्याबद्दल सुटे सुटे प्रश्न बरेच येतात, म्हणून एकत्र धागा काढतेय. घरच्या बागेत हा भोपळा लावायचं माझं हे पाचवं वर्ष. पहिल्या वर्षी वेल इतका माजला की कुंपण दिसेनासं झालं, पण फळ एकही हाती लागलं नाही. मधल्या एका वर्षी पाच फळं धरली. आकार भरला, रंग आल्यासारखा वाटला, म्हणून काढून घेतली. महिन्याभरात तीन सडली. उरलेली दोन कापली तर आत फिकट, पाणचट गर. फार वाईट वाटलं. एवढे महिने पाणी घालायचं, पानं उलटी करकरून अंडी शोधायची, आणि शेवटी हे.

गेल्या वर्षी त्याच जागेत, त्याच पाकिटातल्या बियांपासून सात बटरनट (हिवाळी भोपळ्याचाच एक प्रकार) मिळाले. शेवटचा काढणीनंतर साडेतीन महिन्यांनी कापला आणि तोच सगळ्यांत गोड निघाला.

बदल दोनच केले होते. सकाळी साडेसहाला बागेत जायला लागले, आणि फळ मोठं दिसतंय एवढ्यावर ते काढायचं बंद केलं. माझं आता ठाम मत आहे की घरच्या बागेतला हा भोपळा खत कमी पडल्याने किंवा रोगाने जातो त्यापेक्षा या दोन ठिकाणी जास्त वेळा जातो. फूल उमलतं त्या सकाळी आपण तिथे नसतो, आणि फळ पिकत असतं तेव्हा आपल्याला धीर निघत नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: ऊन रोज ६ ते ८ तास हवंच. माती गार असताना बी टाकू नका. १८ अंशांच्या खाली ते बहुधा कुजतं, २५ ते ३० अंशांत आठवड्याभरात वर येतं. बी अडीच सेंटिमीटर खोल, एका आळ्यात तीन. खरी पानं फुटली की धडधाकट रोप एकच ठेवा आणि बाकीची उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा, म्हणजे राहिलेल्याची मुळं हलत नाहीत. वेल जातीप्रमाणे ३ ते ५ मीटर पसरतो, पेरणीपासून काढणीपर्यंत ८० ते १२० दिवस लागतात. तेवढी जागा आणि तेवढे दिवस हाताशी आहेत का, हे आधी बघा.

आपापले अनुभव लिहा. साठवणीचे तर जरूर लिहा.

दवबिंदू
छान धागा. एक प्राथमिक शंका: हिवाळी म्हणजे थंडीत लावायचा ना? मी थंडीच्या तोंडावर बी टाकलं होतं, एकही उगवलं नाही.

रानवाट
दवबिंदू, हा गोंधळ खूप जणांचा होतो. हिवाळी हे नाव लागवडीवरून नाही, साठवणीवरून पडलंय. पीक उबदार हवेचंच आहे, दव गोठलं की एका रात्रीत पानं काळी पडतात. पण फळ पूर्ण पिकवून, साल कडक होऊ देऊन काढलं तर थंडीचे महिने घरात टिकतं, म्हणून हिवाळी. झुकिनीसारखे जे भोपळे साल कोवळी असतानाच खुडतात ते उन्हाळी. गंमत म्हणजे 'स्क्वॉश' हा इंग्रजी शब्द अमेरिकेतल्या नॅरागान्सेट भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ 'हिरवं, कच्चं खायचं' असा होता. हिवाळी भोपळ्याच्या अगदी उलट.

हे सगळं कूळ मूळचं अमेरिका खंडांतलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. मका माणसाळण्याच्याही आधीच्या.

बागेसाठी उपयोगाचं सांगायचं तर बहुतेक हिवाळी भोपळे तीन प्रजातींत बसतात: पेपो (एकॉर्न, डेलिकाटा, स्पगेटी), मॅक्सिमा (कबोचा, बटरकप, हबार्ड) आणि मोस्काटा (बटरनट). हजार किलोंच्या वर जाणारे स्पर्धेतले अजस्र भोपळे मॅक्सिमाच. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, फळाचा देठ बघून ओळखता येतं. देठ गोल, मऊसर, बुचासारखा असेल तर मॅक्सिमा. कडक, पंचकोनी, धारदार कंगोऱ्यांचा असेल तर पेपो. कडक पण गुळगुळीत खाचांचा, आणि फळाला चिकटतो तिथे फुलासारखा पसरलेला असेल तर मोस्काटा. ही ओळख पुढे तीन ठिकाणी कामाला येते: कीड, काढणी आणि बी धरणं.

काजवा
वेलांटीताई, तुमच्या पहिल्या वर्षासारखीच माझी गत चालू आहे. वेल दोन महिन्यांचा झालाय, रोज पाच-सहा फुलं येतात आणि दुपारपर्यंत मिटून दुसऱ्या दिवशी गळतात. परवा पहिल्यांदा फुलाखाली लिंबाएवढा भोपळा दिसला. आज सकाळी तो टोकाकडून पिवळा पडला होता. खत कमी पडतंय का? सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणून ठेवलीये, टाकू का?

वेलांटी
काजवा, पुडी तशीच राहू द्या. तुमच्या वेलाला काहीही झालेलं नाही.

आधी नर फुलं येतात. मादी फुलं त्यांच्या मागून, आठवडा-दोन आठवड्यांनी. ती सुरुवातीची फुलं गळायचीच असतात. नर फूल लांब, बारीक देठावर सरळ उभं असतं. मादी फुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या खाली इवलंसं फळ आधीच असतं. ते फळ म्हणजे फळ 'धरलं' असं नव्हे. फूल उमललं त्याच सकाळी त्याला पराग मिळाला तर ते वाढतं, नाही मिळाला तर तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळं पडून आकसतं. तुमच्या वेलावर तेच झालंय.

याचे परागकण मोठे आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी यावी लागते, तीही एकदा येऊन भागत नाही. आणि फूल उघडं राहतं पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत, फार तर चार-पाच तास. म्हणून हाताने करायचं.

मी कसं करते ते सांगते. आदल्या संध्याकाळी वेलावरून एक फेरी मारायची. उद्या उमलणारी कळी ओळखू येते, टोकाला हिरव्याची पिवळी झालेली असते आणि पीळ सैल पडायला लागलेला असतो. सकाळी नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, म्हणजे मधला परागाचा दांडा मोकळा होतो. बोटाला लावून बघा, हळदीसारखी पूड लागली पाहिजे. पूड लागली नाही तर ते फूल सोडा आणि दुसरं घ्या. मग मादी फुलात वाकून बघायचं. आत मध्यभागी चिकट, फुगीर गोळे दिसतात, दोन-दोन भागांचे. त्या प्रत्येकावर हा दांडा हलकेच फिरवायचा, एका बाजूलाच नाही, सगळ्यांवर. मी एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरते. पराग कमी पडला तर बिया कमी धरतात आणि फळ एका अंगाने खुरटं राहतं.

झालं की देठाजवळ वेलाला सैलसर दोरा बांधून त्यावर तारीख लिहून ठेवा. ही तारीख नंतर सोन्यासारखी उपयोगी पडते.

काजवा
बापरे, आणि मी दहा वाजता चहा घेऊन बागेत जायचो. उद्या सहाला उठतो.

परसदार
वेलांटीताईंनी परागाचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी मातीचं सांगतो, कारण माजलेला आणि फळ न धरणारा वेल बऱ्याचदा खतानेच माजलेला असतो.

भोपळा खादाड आहे हे खरं, पण त्याला कधी काय द्यायचं हे महत्त्वाचं. मी आळं दीड हात रुंद, हातभर खोल खणतो. त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, वर तीच माती, आणि आळं जमिनीपासून जरा उंच. पाणी साचलं की बुडाशी खोड सडतं. वेल चालू लागेपर्यंत नत्र चालतं. कळ्या दिसल्या की नत्राचं खत पूर्ण बंद. नंतरही युरिया किंवा ताजी शेणाची स्लरी देत राहिलात तर वेल नुसता पानांमागे लागतो. फळ धरल्यावर पालाश (पोटॅश) हवं. लाकडाची राख मूठ-दोन मुठी आळ्याच्या कडेने देतो. माती आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन) असेल तर मात्र राख टाळा. याला सामू (पीएच) ६ ते ६.८ मानवतो.

पाणी आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पावसाएवढं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन वेळा भरपूर, बुडाशी. भर दुपारी पानं छत्रीसारखी मिटून लोंबतात ते बघून घाबरू नका, संध्याकाळी परत ताठ झाली तर मुळाशी पाणी आहे. सकाळीही लोंबत असतील तरच पाणी कमी पडतंय किंवा खोडात काहीतरी शिरलंय.

आणि एक. वेल जमिनीवर सोडला असेल तर दर दोन-तीन पेरांनी एक पेर ओंजळभर मातीने झाकत जा. तिथे मुळं फुटतात. पुढे बुडखा गेला तरी वेल त्या मुळांवर जगतो. माझा एक कबोचा असाच वाचला होता. बुडाशी खोड पूर्ण सडलं होतं, तरी चार हात पुढे रुजलेल्या पेरावर तीन फळं पिकली.

ओली_माती
काका, पेर झाकायचं माहीतच नव्हतं. आजच करते.

किडीबद्दल लिहिते. रोप दोन पानांचं असताना लाल भुंगेरे सगळ्यांत जास्त नुकसान करतात. एका दिवसात पानांची चाळण होते. औषध मारण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून बारीक जाळी किंवा पातळ कापड टाका, कडा मातीत दाबून. मादी फुलं यायला लागली की जाळी काढावीच लागते, नाहीतर मधमाश्या आत येणार कशा? मोठ्या वेलावर भुंगेरे सकाळी लवकर वेचा, तेव्हा ते गारठलेले असतात, झटकन उडत नाहीत. साबणाच्या पाण्याचा डबा पानाखाली धरून टिचकी मारायची. पानाच्या मागे शिरांच्या बेचक्यात तांबूस-तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले तर ते दुसऱ्या किडीचे, लाल भुंगेरे अंडी मातीत घालतात; पण तेही चिरडायचे.

दुसरी फळमाशी. कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते, वरून फक्त टाचणीएवढा ठिपका आणि त्यातून आलेला डिंकासारखा थेंब दिसतो. पराग लावल्यावर फळ अंड्याएवढं झालं की मी त्याला जुन्या सुती कापडाची पिशवी बांधते, साल जरा कडक होईपर्यंत. डंख लागलेलं फळ बागेत टाकायचं नाही. आतल्या अळ्या बाहेर पडून मातीत कोष करतात आणि पुढच्या फुलोऱ्याला परत येतात. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवायचं.

रानवाट
जोड देतो. काही भागांत खोड पोखरणारी अळी येते. बुडाशी ओलसर भुशासारखा चुरा पडलेला दिसला तर तीच. पेपो आणि मॅक्सिमाची खोडं पोकळ असतात, तिला मोकळं रान मिळतं. मोस्काटाचं खोड भरीव असतं, म्हणून बटरनट तिच्यासमोर बराच टिकतो. ज्यांच्याकडे ही अळी दरवर्षी येते त्यांनी सरळ बटरनटच लावावा.

दवबिंदू
माझ्या आईच्या वेलावर पानांना पिठासारखं पांढरं आलंय. सगळी पानं काढून टाकली तर चालेल का? फळं तीन आहेत, मोठी झालीत, पण अजून हिरवट आहेत.

परसदार
सगळी काढू नका हो! फळात गोडी येते ती पानांतून. अर्धवट पिकलेल्या फळाच्या डोक्यावरची पानं काढली की फळ वाढायचं थांबतं, ऊन लागून साल भाजते ती वेगळीच.

ही भुरी. पूर्ण पांढरी झालेली, जमिनीलगतची जुनी पानं तेवढी काढा. तिला पानावर पाणी साचायला लागत नाही, दमट हवा आणि दाटी पुरते, म्हणून वेल मोकळा करा, वारा खेळू द्या. सुरुवातीला, दोन-चार ठिपके असतानाच, दुधाचं पाणी मारून बघा: एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, पानाच्या दोन्ही बाजूंना. ऐकीव वाटेल, पण १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर याचा रीतसर प्रयोग झालाय, आणि १० टक्के व त्याहून दाट दुधाने भुरी चांगली आटोक्यात आली. सगळं पान पांढरं झाल्यावर मात्र दुधाने काही होत नाही.

पिठासारखं नसून पिवळे, शिरांनी बांधलेले चौकोनी डाग असतील आणि पानामागे करडी लव असेल तर तो केवडा. त्याला दूध चालत नाही. ती पानं लगेच काढून बागेबाहेर न्या आणि वरून पाणी मारणं थांबवा.

निळी_गोकर्ण
एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, म्हणून इतक्या दिवसांनी लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपोस्टच्या खड्ड्यात आपोआप एक वेल आला. इतका जोमदार की मी तो कौतुकाने वाढवला. फळं देखणी आली, हिरवी-पिवळी पट्ट्यांची. शिजवल्यावर पहिल्याच घासाला जीभ कडू झाली. थोडीशी कडू आहे, वाया कशाला घालवा, म्हणून घरातल्या दोघांनी थोडं खाल्लं. तासाभरात पोटात कळा, उलट्या, जुलाब. एकाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. ती रात्र मी विसरू शकत नाही.

कडू भोपळा थोडासुद्धा खाऊ नका. शिजवून, मीठ लावून, पिळून कडूपणा जात नाही. शंका आली तर कच्च्या गराचा कण जिभेच्या टोकाला लावून बघा आणि थुंकून टाका. कडू लागला तर त्या वेलावरची सगळी फळं फेका.

रानवाट
गोकर्णताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. रानटी भोपळ्यांत ती भरपूर असतात, लागवडीच्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकली गेली. शोभेचे छोटे भोपळे किंवा रानटी भोपळे जवळपास असले आणि त्यांचा पराग आपल्या पेपोला लागला तर या वर्षीच्या फळाला काही होत नाही, पण त्यातल्या बियांपासून पुढच्या वर्षी येणारं फळ कडू होऊ शकतं. कंपोस्टमधला वेल म्हणजे बाप कोण ते माहीत नसलेला वेल. आणि त्रास पोटापुरताच राहतो असं नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधून दोन स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, कडू भोपळा खाऊन आजारी पडल्यावर पुढच्या काही आठवड्यांत दोघींचे केस मोठ्या प्रमाणात गळले होते.

म्हणून बी धरायचं असेल तर शिस्तीने धरा. संकरित, म्हणजे एफ-वन पाकिटाचं बी धरू नका, पुढची पिढी वेगवेगळी निघते. साध्या जातीचं धरायचं तर आदल्या संध्याकाळी उमलू घातलेली एक मादी आणि दोन नर कळ्या चिकटपट्टीने टोकाशी बंद करा, सकाळी उघडून हाताने पराग लावा आणि मादी फूल लगेच परत बंद करा. एका बागेत पेपो, मॅक्सिमा, मोस्काटा एकेकच जात लावली तर आपल्या आपल्यात संकराची भीती बरीच कमी होते, पण शेजारच्या बागेतून मधमाशी येतेच.

काजवा (पाच आठवड्यांनंतर)
ताई, चार फळं धरली! सगळ्यांना दोरे बांधलेत. पहिल्याचा आज ३४वा दिवस. बटरनटच आहे. रंग बदामी झाला, नुसत्या देठाजवळ हिरव्या रेघा आहेत. वजनही चांगलं वाटतं. काढू का? आणि शेंडा खुडायचा म्हणतात तो खुडू का?

वेलांटी
अभिनंदन! आणि काढू नका.

३४ दिवसांचं फळ आकाराने पूर्ण दिसतं, पण आत त्याचं काम अजून चालू असतं. आधी आकार येतो, मग पिठूळपणा साठतो, बिया भरतात, साल कडक होते. माझी ती पाच फळं याच टप्प्याला काढली होती. पराग लावल्यापासून ४५ ते ५५ दिवस धरा, आणि दिवसांवरही पूर्ण विसंबू नका. बटरनटच्या त्या हिरव्या रेघा पूर्ण गेल्या पाहिजेत. सालीवरची चकाकी जाऊन ती मंद दिसायला लागते. जमिनीवर टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळट-केशरी होतो. फळाजवळचा कुरळा तणावा वाळून तपकिरी होतो. आणि शेवटी अंगठ्याचं नख. सालीत दाबून बघा, खूण उमटली किंवा ओल आली तर अजून थांबा. टणक लागलं, नख मागे फिरलं की झालं. (कबोचा असेल तर रंगावर जाऊ नका, तो हिरवाच राहतो. त्याचा देठ बुचासारखा खरखरीत, भेगाळलेला झाला की समजायचं.)

शेंडा: चार फळं धरली आहेत, आता खुडा. नवीन धरलेली बारकी फळंही काढून टाका, ती वेळेत पिकणार नाहीत.

परसदार
शेंड्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. ऊन आणि दिवस भरपूर शिल्लक असतील तर मी शेंडा ठेवतो, कारण जुनी पानं भुरीने गेली तर फळाला पोसायला नवी पानं हवीत. थंडी जवळ आली असेल तरच खुडावा. बारकी फळं काढायची हे मात्र मान्य.

वेलांटी
काका, भुरी असलेल्या वेलाला तुमचं पटतं. काजवा, तुमची पानं स्वच्छ आहेत का ते बघून ठरवा.

ओली_माती
फळाखाली वाळकं गवत किंवा लाकडाची फळी ठेवा. ओल्या मातीवर टेकलेली बाजू आधी सडते, आणि लाल भुंगेऱ्याच्या अळ्याही मातीतूनच फळ कुरतडतात. सरकवताना फळ उचलून वेलाचा सांधा पिरगाळू नका.

काजवा (आणखी अठरा दिवसांनी)
आज ५२वा दिवस. नख रुतलं नाही! देठ कापला, तीनही मोठी काढली. चौथं अजून वेलावर आहे. आता यांचं काय करायचं? धुऊन फ्रिजमध्ये?

वेलांटी
फ्रिज अजिबात नको! १० अंशांच्या खाली फार दिवस राहिलं की हे फळ आतून बिघडतं. धुऊही नका, कोरड्या फडक्याने माती पुसा.

आधी आठ-दहा दिवस उबेत राहू दे, २५ ते ३० अंश, सावलीत, वारा खेळतो अशा जागी. उन्हात नाही. त्यात साल आणखी कडक होते, बारीक ओरखडे भरून येतात, देठाचा काप पूर्ण वाळतो. (एकॉर्नला ही ऊब देऊ नका, तो उलट लवकर खराब होतो. तो महिना-दीड महिन्यात वापरायचा.) मग घरातली सगळ्यांत गार, कोरडी, अंधारी जागा शोधा. १० ते १५ अंश मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर जेवढी गार मिळेल तेवढी. फळं एकमेकांना टेकवू नका, थर लावू नका, पिकणाऱ्या सफरचंदांच्या जवळ ठेवू नका. खाली पुठ्ठा किंवा पेंढा. आठवड्यातून एकदा हातात घेऊन सगळीकडून दाबून बघा. बटरनट दोन-तीन महिने सहज जातो, हबार्ड पाच-सहा.

पहिला कापायची घाई नको. काढल्यावर आतल्या पिठाची हळूहळू साखर होत राहते. आजचा बटरनट आणि महिन्याभराने कापलेला बटरनट यांची चव ताडून बघा, एक त्यासाठीच बाजूला ठेवा.

काजवा
ठेवतो. एकाचा देठ मात्र उचलताना बुडाशी तुटला. बाकी दोघांना बोटभर देठ आहे.

वेलांटी
देठ धरून उचललं असणार. पुढच्या वेळी खालून दोन्ही हातांनी उचला. तुटलेल्या जागी आता जखम आहे, तिथूनच बुरशी शिरेल, तो टिकणार नाही. तो ठेवू नका, याच आठवड्यात वापरा. उरलेल्या दोघांवर तारीख लिहा, आणि चौथ्याचा देठ कापताना धारदार कात्री घ्या, बोटभर देठ राहू दे.